विषयाला हात कधी घालणार?

आमच्या नागपुरातल्या टेक मीटअपमध्ये दर वेळी तेच. विषय जाहीर होतो 'पायथनमधली जीआयएल' (म्हणजे प्रोग्रामच्या अनेक थ्रेडपैकी, समांतर कामांपैकी, एका वेळी एकालाच पायथन कोड चालवू देणारं कुलूप) आणि वक्ता सुरू करतो पायथनचे जनक गुइडो व्हान रॉसमपासून, 1991 पासून! अहो, समोर बसलेले पोट्टे रोज पायथन लिहितात. मग वक्त्याच्या कंपनीची ओळख, तिथल्या रिकाम्या जागा.

ऑक्टोबर 2024 मध्ये आलेल्या पायथन 3.13 सोबत जीआयएलशिवाय चालणारी प्रायोगिक आवृत्ती मिळाली. एकाच प्रोसेसमधले थ्रेड आता खरोखर एकाच वेळी प्रोसेसरच्या वेगवेगळ्या कोअरवर धावू शकतात. मग जुन्या सी एक्स्टेंशनचं, म्हणजे सी भाषेत लिहून पायथनला जोडलेल्या भागांचं, काय? एकाच थ्रेडचा कोड मंदावतो, तो किती? लोक हे ऐकायला येतात. ते उरकलं जातं शेवटच्या पाच मिनिटांत, काळ्या पडद्यावर, मुंगीएवढ्या करड्या अक्षरांत. 'सर, फॉन्ट वाढवा' म्हटलं तर म्हणे 'स्लाइड्स पाठवतो'. त्या कधीच येत नाहीत.

मे महिन्याच्या उन्हात कामठी-हिंगण्याहून पोट्टे तोंडाला दुपट्टा बांधून आयटी पार्कपर्यंत येतात. वर्ध्याहून आलेल्या एका मुलीनं तर वहीत प्रश्न लिहून आणले होते. तिनं हात वर केला आणि आयोजक म्हणाले, 'वेळ संपला, चला ग्रुप फोटो!'

तो फोटो राहू द्या हो. आधी त्या पोरीला उत्तर द्या.