‘लढू द्या त्यांना’ : सुदानबद्दल फिरणाऱ्या मजकुराला उत्तर

सुदानबद्दलचा एक मजकूर सध्या हातोहात पुढे पाठवला जातोय. त्यात चार गोष्टी ठासून सांगितल्या आहेत: हे त्यांचं घरातलं भांडण आहे, वाटाघाटींनी यादवी कधी थांबत नाही, पाठवलेलं धान्य लढणाऱ्यांच्याच घशात जातं, तेव्हा एकदाचा लढून निकाल लागू द्या. शिकली-सवरलेली, एरवी हळवी असणारी माणसंही तो पाठवतात, म्हणून हे लिहायला बसलो.

घरातलं भांडण, हे सुरुवातीपुरतं खरं. लष्कराचे जनरल बुरहान आणि आरएसएफ या निमलष्करी दलाचे हेमेदती यांनी २०२१मध्ये मिळून सत्ता बळकावली, पुढे दोघांचं फाटलं आणि १५ एप्रिल २०२३ला राजधानी खार्तुमच्या भरवस्तीत तोफा सुरू झाल्या. पण वर्षानुवर्षं पुरेल एवढा दारूगोळा कुठल्याही घरात नसतो. सुदानच्या पश्चिमेकडच्या दार्फुर प्रदेशात शस्त्रं नेण्यावर संयुक्त राष्ट्रांची बंदी २००४पासून आहे, तरी ती पोचतातच. आरएसएफला संयुक्त अरब अमिरातीकडून रसद मिळते हे आरोप संयुक्त राष्ट्रांच्याच तज्ज्ञांनी विश्वासार्ह ठरवले. अमिराती ते नाकारते. लष्कराकडे इराणी ड्रोन आले, इजिप्त त्यांच्या पाठीशी आहे. तेल ओतणारे हात बाहेरचे असतील तर ते धरायलाही बाहेरच जावं लागणार. सप्टेंबर २०२५मध्ये अमेरिका, सौदी अरेबिया, इजिप्त आणि अमिराती यांनी मिळून तीन महिन्यांच्या युद्धविरामाचं आवाहन केलं. ज्यांच्याकडे बोट दाखवलं जातं तेच मध्यस्थ, याची मला चीड येते. पण तोटी ज्यांच्या हातात आहे त्यांना वगळून ती बंद होणार नाही, हेही तितकंच खरं.

वाटाघाटींनी काही होत नाही म्हणणाऱ्यांनी सुदानचाच इतिहास पाहावा. उत्तर आणि दक्षिण सुदान १९८३पासून २२ वर्षं लढले, वीस लाखांच्या आसपास माणसं गेली, निकाल लागला नाही. थांबवलं ते केनियाचे जनरल सुंबेयवो यांच्या मध्यस्थीने चाललेल्या चिवट चर्चेने. जानेवारी २००५मध्ये नैरोबीत करार झाला. त्या करारात दोष होते, दार्फुर बाहेरच राहिलं, स्वतंत्र झालेला दक्षिण सुदान २०१३मध्ये स्वतःतच लढू लागला. तरी ते २२ वर्षांचं युद्ध तिथे संपलं. मोझांबिकमधली सोळा वर्षांची यादवीही १९९२मध्ये रोममधल्या करारानेच मिटली.

आणि आपलीच माणसं आठवा. एप्रिल २०२३च्या शेवटच्या आठवड्यात अमेरिका आणि सौदीने दोन्ही बाजूंना ७२ तासांच्या शस्त्रसंधीला राजी केलं. ती जागोजागी मोडली, पण गोळीबार जिथे जेवढा मंदावला त्यातून बसगाड्या खार्तुमहून पोर्ट सुदानकडे निघाल्या आणि ‘ऑपरेशन कावेरी’त ३,८००हून अधिक भारतीय परतले. आपली माणसं सुटेपर्यंत शस्त्रसंधी हवी होती. ती सुटल्यावर तिचा उपयोग नाही, असं कसं म्हणता येईल?

आता धान्याचा मुद्दा. माझ्या मनाला सगळ्यात लागलेला. सुदान आपल्यासारखाच ज्वारी खाणारा देश आहे. आंबवलेल्या ज्वारीच्या पिठाची पातळ किसरा हे तिथलं रोजचं अन्न. ऑगस्ट २०२४मध्ये उत्तर दार्फुरच्या झमझम छावणीत दुष्काळ अधिकृतपणे जाहीर झाला. आरएसएफने वेढलेल्या एल फाशर या तिथल्या शहरात तर लोक अंबाझ खाऊन राहिले. अंबाझ म्हणजे भुईमुगाची पेंड. आपल्याकडे संध्याकाळी भिजवून म्हशीपुढे ठेवतात ती. तीच भिजवून पोरांना भरवत होते.

लूट होते, हे मी नाकारत नाही. डिसेंबर २०२३मध्ये वाद मदनी या शहराजवळच्या भागात जागतिक अन्न कार्यक्रमाचं गोदाम लुटलं गेलं. पंधरा लाख लोकांना महिनाभर पुरेल एवढं धान्य होतं त्यात. पण सगळं धान्य गोदामात नसतं. तिथल्या तरुणांनी गल्लोगल्ली सामुदायिक स्वयंपाकघरं चालवली आहेत. मागे ‘नफीर’ची जुनी रीत आहे, आपल्या इर्जिकीसारखी, सगळ्यांनी मिळून एकाचं काम उरकण्याची. तिथे हंड्यात शिजलेलं थेट ताटलीत पडतं. २०२५च्या सुरुवातीला अमेरिकेने मदत गोठवली तेव्हा अशी शेकडो स्वयंपाकघरं बंद पडली. उपाशी राहिले ते गल्लीतले लोक. बंदुका होत्या तिथेच राहिल्या.

शिवाय वाट उघडते तीही बोलण्यातूनच. शेजारच्या चाडमधून दार्फुरला जाणारं सीमेवरचं आद्रेचं नाकं लष्कराने फेब्रुवारी २०२४मध्ये बंद केलं. ऑगस्टमध्ये जिनिव्हात चर्चा भरली. लष्कराने प्रतिनिधी पाठवलेच नाहीत, त्यामुळे सगळीकडे ‘चर्चा फसली’ असंच छापून आलं. पण त्याच आठवड्यात दबावापुढे नाकं तीन महिन्यांसाठी उघडलं गेलं, आणि ज्वारी, डाळी, तेल घेऊन ट्रक पलीकडे गेले. पुढे ती मुदत वाढवलीही गेली.

राहिला लढून निकाल लावायचा सल्ला. मार्च २०२५मध्ये लष्कराने खार्तुम परत जिंकलं. युद्ध थांबलं नाही, पश्चिमेकडे सरकलं. ऑक्टोबर २०२५मध्ये आरएसएफने दीड वर्षाच्या वेढ्यानंतर एल फाशर घेतलं. तिथल्या सौदी प्रसूती रुग्णालयात रुग्ण आणि सोबतचे मिळून ४६०हून अधिक लोक मारले गेल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं. ‘निकाल’ म्हणतात तो असा दिसतो. त्यानंतरही युद्ध थांबलं नाही, दार्फुरला लागून असलेल्या कोर्दोफानमध्ये पेटलं.

त्याच कोर्दोफानमध्ये नुबा डोंगर आहेत. जानेवारी २००२मध्ये स्वित्झर्लंडमध्ये बसून तिथल्यापुरती शस्त्रसंधी झाली, सहा महिन्यांची. देखरेखीला परदेशी निरीक्षकांचं छोटं पथक होतं, त्यांच्या हाती शस्त्र नव्हतं. मुदत पुन्हा पुन्हा वाढवत ती नैरोबीच्या करारापर्यंत टिकली. परागंदा झालेले लोक गावी परतले आणि सोडून गेलेल्या शेतांत पुन्हा पेरा झाला.