सातव्या वर्षी स्कुबा? त्या मेसेजमधली शेवटची ओळ जिवावर बेतेल

‘मुलांना सातव्या वर्षीच स्कुबा (पाठीवर हवेची टाकी लावून पाण्याखाली जाणं) शिकवा’ असा मेसेज फिरतोय. त्यात चार मुद्दे आहेत: लहान मुलांची फुफ्फुसं लवचीक, म्हणून धोका कमी; पोहता यायची गरज नाही; टाकीत शुद्ध ऑक्सिजन असतो, म्हणून काळजी नको; आणि भीती वाटली तर श्वास रोखून सरळ वर यायचं. ताईने हे वाचून भाच्यासाठी मालवणला चौकशीही सुरू केली, म्हणून लिहायला बसले.

आधी शेवटचा मुद्दा. श्वास रोखून वर यायचं नसतं. कधीच नाही. स्कुबात सगळ्यात आधी शिकवतात ते हेच, की श्वास चालू ठेवा. दहा मीटर खाली दाब वरच्या दुप्पट असतो. तिथे टाकीतून छाती भरून घेतलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट होते. आंबोली घाट चढताना चिप्सचं पाकीट फुगतं, तसंच, पण कितीतरी जास्त जोराने. फुफ्फुस फाटतं, हवेचे बुडबुडे रक्तात शिरतात आणि मेंदूपर्यंत जाऊ शकतात. त्यासाठी खोल समुद्रही लागत नाही. छाती भरलेली असेल तर दीड मीटरसुद्धा पुरतं, म्हणजे साधा स्विमिंग पूल.

पोहण्याच्या क्लासात मुलाला ‘श्वास धर’ असंच शिकवलेलं असतं. तिथे ते बरोबर आहे, कारण ती हवा त्याने पाण्याबाहेर घेतलेली असते. टाकीची हवा पाण्याखाली, दाबाखाली घेतलेली असते. घाबरलेलं सात वर्षांचं मूल जुन्या सवयीनेच वागणार, आणि हा मेसेज त्याच्या आईबापांना सांगतोय की तेच योग्य आहे!

फुफ्फुसं लवचीक म्हणून धोका कमी, असं काही नाही. त्यांतले वायुकोश आठव्या वर्षापर्यंत तरी वाढतच असतात. शिवाय कानाला घशाशी जोडणारी नळी लहानपणी अरुंद आणि आडवी असते. खाली जाताना कानातला दाब सारखा करणं मुलांना अवघड जातं, सर्दी असेल तर फारच.

टाकीत असते ती गाळून, दाबून भरलेली साधी हवा, 21 टक्के ऑक्सिजनची. शुद्ध ऑक्सिजन घेऊन सहा मीटरच्या खाली गेलं तर झटके येऊ शकतात.

पोहण्याचा मुद्दा अर्धा खरा आहे, ते मान्य. मालवण-तारकर्लीला पर्यटकांना नेतात तेव्हा प्रशिक्षक पूर्ण वेळ धरून असतो, तिथे पोहता आलं नाही तरी चालतं. पण त्याला शिकणं म्हणत नाहीत. ‘ओपन वॉटर’ या स्कुबाच्या पहिल्या प्रमाणपत्रासाठी न थांबता 200 मीटर पोहावं लागतं आणि 10 मिनिटं तरंगावं लागतं.

आणि वय? जगभर प्रमाणपत्रं देणाऱ्या पाडी संस्थेचे नियम सरळ आहेत. आठव्या वर्षी ‘बबलमेकर’, म्हणजे मुलांसाठीचा नुसता पहिला अनुभव, तेही जास्तीत जास्त 2 मीटरपर्यंत. दहाव्या वर्षी ज्युनियर ओपन वॉटर, म्हणजे त्याच प्रमाणपत्राचं मुलांसाठीचं रूप, 12 मीटरपर्यंत, सोबत प्रमाणपत्र असलेले पालक किंवा व्यावसायिक डायव्हर हवेत. सात वर्षं त्यात कुठेच बसत नाहीत.

ताईला सांगितलंय, यंदा मास्क आणि स्नॉर्केल घेऊन उथळ पाण्यात, लाइफ जॅकेट घालून मासे दाखव. ‘सात चालेल’ म्हणणाऱ्याकडे जाऊच नकोस. भाच्याला दम्याचा त्रास आहे, तेव्हा पुढे कधी शिकायचं ठरलं तर आधी डायव्हिंगची माहिती असलेल्या डॉक्टरांना दाखवायचं. आणि ताई, तो मेसेज तू जिथे जिथे पुढे पाठवलास, तिथून आजच काढ.