हैतीची कॉफी आणि फ्रान्सची वसुली

कॉफीच्या इतिहासावरचा एक मजकूर सध्या फार फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: गुलामगिरी फक्त ऊस-कापसाच्या मळ्यांत होती, कॉफीचा तिच्याशी संबंध नाही, कॅरिबियनमधला हैती देश स्वतंत्र झाल्यावर स्वतःच्या नाकर्तेपणाने बुडाला, आणि कॉफीचा दर कायम बाजारच ठरवत आला. यातलं एकही विधान टिकत नाही.

आधी गुलामगिरी. आजच्या हैतीत फ्रेंचांची सँ-दोमँग ही वसाहत होती. १७८९च्या सुमारास जगातली जवळपास निम्मी कॉफी तिथून जात होती आणि तिथे सुमारे पाच लाख माणसं गुलाम होती. सखल भागात ऊस, डोंगरउतारावर कॉफी. राबणारे हात तेच. ब्राझीलमध्ये गुलामगिरी १८८८ पर्यंत टिकली, आणि ती टिकवण्यात कॉफीच्या मळेवाल्यांचा मोठा हात होता. पुढे त्यांनी इटलीतून मजूर आणले. त्यांचे हाल इतके झाले, की १९०२ मध्ये इटलीने फुकट तिकिटावर माणसं ब्राझीलला नेणं बंद केलं.

हैतीला नाकर्ता म्हणणं मला सगळ्यात लागतं. १७९१ मध्ये तिथल्या गुलामांनी उठाव केला आणि १८०४ मध्ये देश स्वतंत्र केला. १८२५ मध्ये फ्रान्सच्या दहाव्या चार्ल्स राजाने लढाऊ जहाजं पाठवून १५ कोटी फ्रँक मागितले. कशाबद्दल? मळेवाल्यांच्या गेलेल्या मालमत्तेची भरपाई म्हणून, आणि त्या मालमत्तेत माणसंही धरलेली होती! १८३८ मध्ये एकूण रक्कम ९ कोटींवर आली खरी, पण पहिला हप्ताच पॅरिसमधून कर्ज काढून भरलेला. म्हणजे देणं दुहेरी. ते फिटणार कशातून? कॉफीतून. शेतकऱ्याची पोती बंदरातून बाहेर पडताना त्यावर निर्यातकर बसे आणि त्यातला पैसा फ्रान्सला जाई. मग शाळा आणि रस्ते कशातून उभे राहणार होते?

राहिला बाजार. १९६२च्या आंतरराष्ट्रीय करारात, दर पडू नयेत म्हणून, कुणी किती कॉफी निर्यात करायची याचे कोटे देशादेशांत ठरवून घेतलेले होते. जुलै १९८९ मध्ये ती व्यवस्था मोडली आणि दर जवळपास निम्म्यावर आले. कपाची किंमत काही त्या प्रमाणात उतरली नाही. तोटा वेचणाऱ्यापर्यंत पोचला. एका फांदीवरची फळं एकदम पिकत नाहीत. लाल तेवढी हाताने खुडायची, हिरवी ठेवायची, काही दिवसांनी पुन्हा त्याच झाडाशी यायचं. पाच-सहा किलो फळांतून जेमतेम किलोभर बिया निघतात. आणि कित्येक मळ्यांत मजुरी आजही वेचलेल्या मालाच्या वजनावरच मिळते.