ब्लॅकबेरीबद्दल फिरणाऱ्या त्या मेसेजचा खुलासा

"ब्लॅकबेरी ऑफिसवाले गिऱ्हाईक सोडून कॉलेजच्या पोरांमागे लागली म्हणून बुडाली, नाहीतर आज टॉपला असती" असा मेसेज परत फिरतोय. अर्धवट आहे हो हे.

२०१३च्या सप्टेंबरमध्ये कंपनीने ४,५०० लोकांना नारळ द्यायचं जाहीर केलं ना, तेव्हाच सांगून टाकलेलं की आता लक्ष बिझनेस कस्टमरवरच, मग जॉन चेन नवे प्रमुख म्हणून आले, २०१४ला तो चौकोनी स्क्रीनचा 'पासपोर्ट' नावाचा फोन काढला, खाली खरा कीबोर्ड, एक्सेल शीट बघायला झकास (खिशात काही मावायचा नाही), तरी फोन खपले नाहीतच. कारण तोवर ऑफिसात साहेबापासून कारकुनापर्यंत जो तो स्वतःचाच आयफोन नाहीतर अँड्रॉइड घेऊन यायला लागलेला आणि आयटीवाल्यांना तेच फोन सांभाळून देणारं सॉफ्टवेअर हवं होतं, आणि गंमत म्हणजे ते ब्लॅकबेरी स्वतःच विकत होती! म्हणजे बिझनेसवर फोकस केला, पण त्यात फोनची गरजच उरली नाही. २०१६ला स्वतः फोन बनवणं थांबवलं.

आणि कंपनी बंदबिंद पडलेली नाहीये, ४ जानेवारी २०२२ला जुन्या फोनच्या सर्व्हिसेस बंद झाल्या तेवढंच. त्यांचं क्यूएनएक्स, म्हणजे गाडीतल्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर, आज कोट्यवधी गाड्यांमध्ये चालतंय.