गोळ्या घेतल्याने नोकरी जात नाही

भाऊ कारागृह शिपाई आहे. पावसाळ्यात रात्रपाळीला त्याने फास घेतलेल्या एका बंदीला दुसरा शिपाई धावत येईपर्यंत खांद्यावर तोलून धरलं. माणूस वाचला नाही. तेव्हापासून घरात कडी वाजली तरी तो ताटावरून उठतो. धुळ्याच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी झोप लागायला लागली होती. परवा वहिनीला पंधरा दिवसांच्या गोळ्या ज्वारीच्या कोठीत सापडल्या. ‘माले काहीच व्हयेल नही,’ एवढंच म्हणतो. कारण भाऊबंदांच्या ग्रुपवर आलेला मेसेज: ‘तुरुंगातल्या शिपायांनो, मनाच्या डॉक्टरचा कागद ऑफिसात गेला की वेडा ठरवून घरी बसवतात. दिव्यांग कायदा हातपाय गेलेल्यांसाठी, वर्दीला लागू नाही. आणि कोंडलेल्या माणसांवर नजर ठेवण्यात ताण कसला?’

घरी बसवतात, हे कुठून आणलं? दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६, कलम २०(४) वाचा. नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं तर सरकारी आस्थापनेला त्या कर्मचाऱ्याला काढता येत नाही, त्याचा हुद्दाही उतरवता येत नाही. जुनं काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं पद द्यायचं. तसं पद रिकामं नसेल तर ते मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य, म्हणजे मंजूर संख्येपेक्षा जादा निर्माण केलेल्या, पदावर ठेवायचं. ‘वेडा ठरवतात’ म्हणे! मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ सांगतो की नुसत्या आजाराच्या निदानावरून कुणाला अस्थिर मनाचा मानता येत नाही, ते सक्षम न्यायालयाने ठरवावं लागतं.

हातपाय गेलेल्यांसाठीच? दिव्यांग कायद्याच्या अनुसूचीत मानसिक आजार स्पष्ट लिहिलाय.

वर्दीबद्दल थोडं खरं आहे, ते मान्य करते. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांतल्या लढाऊ पदांना २०२१ साली केंद्राने कलम २० मधून वगळलं. पण राज्याचा कारागृह शिपाई त्या दलांत येतो का? आणि त्याच वर्षी १७ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या, नैराश्य आणि मंत्रचळ (ओसीडी) असलेल्या एका अधिकाऱ्याविरुद्धची खातेनिहाय कारवाई रद्द केली. सध्याच्या कामाला अयोग्य ठरलाच तर कलम २०(४) प्रमाणे पगार राखून दुसरं काम द्या, म्हणाले. त्या कामात हत्यार हाती देऊ नये एवढी मुभा मात्र खात्याला ठेवली. म्हणजे भावाची बंदूक काढून घेतील, टॉवरवरून टेबलावर आणतील. त्याला ते लागेल, मला माहीत आहे. पण घर चालेल.

ताण कसला, या प्रश्नाला मी फार जागा देत नाही. २०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत १०० जणांच्या जागेत सरासरी १३१ बंदी होते. त्यांची गिनती रोज माणसंच करतात.

ज्या दादाने हा मेसेज टाकला त्याने तो आज काढावा. गोळ्या मधेच सुटल्यात, त्या पुन्हा कशा सुरू करायच्या ते डॉक्टरांना फोनवर विचारलंय. पाकीट कोठीतून काढून देवळीत, तांब्याशेजारी ठेवलंय.