नवतप्यात फिल्म वाळवणे

नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, नागपुरात काहीही वाळतं. आईच्या मुंगवड्या सकाळी गच्चीवर जातात आणि संध्याकाळी डब्यात. न पिळलेली चादर दोरीवर टाकून खाली उतरावं, तर ती कडक. त्यामुळे कॅमेऱ्यातल्या फिल्मची पाच फुटांची एक पट्टी वाळवायला मी घर का वेठीला धरतो, हे घरात कोणालाच कळत नाही.

फिल्म डेव्हलप करणं सोपं आहे हो. सगळी रसायनं २० अंशांच्या आसपास हवीत आणि गच्चीवरच्या टाकीचं पाणी मे महिन्यात थेट चहात ओतण्याच्या लायकीचं असतं, एवढीच अडचण. तिला बर्फ पुरतो. खरा छळ शेवटच्या खंगाळण्याचा. आमचं बोअरिंगचं पाणी क्षारांचं. त्याचा थेंब फिल्मवर जागीच सुकला की पाणी उडून जातं, क्षार मुक्कामाला राहतात. म्हणून शेवटची बुडी डिस्टिल्ड पाण्याची. ते मिळतं बॅटरीच्या दुकानात.

"इन्व्हर्टर कोणता आहे जी?"

"इन्व्हर्टर नाही, फिल्म धुवायची आहे."

"हौ, पण बॅटरी कोणती?"

आता मी सरळ स्कूटरची सांगतो.

त्या पाण्यात लिटरला ५ मिली फोटो-फ्लो, हे फिल्म धुण्याचं साबणासारखं औषध. याने थेंब धरत नाहीत, पाणी सलग पसरून खाली निथळतं. हात सैल सुटला तर हेच औषध स्वतःचे डाग पाडतं. बोटांनी निपटायचा मोह आवरायचा, कारण फिल्मवरचा चित्राचा थर, म्हणजे ओलं जिलेटिन, फुगून मऊ झालेलं असतं. एक कण फिरला की आरपार ओरखडा.

मग फिल्म बाथरूममध्ये टांगायची, खाली वजनाला चिमटा. आधी गरम पाणी सोडून वाफ करावी, म्हणजे धूळ बसते, असं जाणकार सांगतात. आमच्याकडे त्याला गीझर लागत नाही. पुढचे दोन तास बाथरूम बंद आणि कूलरही बंद, कारण तो धूळ, त्याच्या जाळीतल्या वुडवूलचे तूस आणि तेच खारं पाणी घरभर उडवतो.

"काहून रे, कूलर कोणी बंद केला?"

"आई, फिल्म वाळतेय."

"मग गच्चीवर टाक ना बाप्पा, मुंगवड्यांजवळ."

काका परवा पाहुणे आले होते. पाऊण तास त्यांनी कळ काढली, मग बाथरूमचं दार उघडलं आणि येताना कूलरही लावला. एक तुषार नेमका त्यांच्याच फोटोवर. चकचकीत बाजूचा डाग तोंडाची वाफ देऊन मऊ कापडाने जातो; हा इमल्शनवर, म्हणजे जिलेटिनच्या बाजूवर पडला, तिथे हात जोडायचे.

निगेटिव्हवर डाग अडला की प्रिंटवर पांढरं उमटतं. काकांच्या बरोब्बर कपाळावर.

"भस्म किती स्पष्ट आलं पाहा!" काका म्हणाले. "मोठी कॉपी काढ याची. तिघा भावांना तीन."