सीडी खराब नाहीत, प्लेअर चुकीचा घेतलाय

आज शेजारची मुलगी नवाकोरा पोर्टेबल सीडी प्लेअर घेऊन दारात उभी. पारदर्शक झाकण, आत रंगीत दिवे, दिसायला एकदम देखणा. आजीच्या कपाटातल्या सीडी पुणे-कोल्हापूर बसमध्ये ऐकायच्या म्हणून हौसेने ऑनलाइन मागवलेला. निम्म्या सीडी लागेनात, लागल्या त्या बसमध्ये अडखळायला लागल्या. विक्रेत्याकडे तक्रार केली तर उत्तर आलं, तुमच्या सीडी जुन्या झाल्यात, टाकून द्या. आणि बिचारीने खरोखरच भंगारवाल्यासाठी पिशवी भरून ठेवली होती!

टाकून द्या म्हणे. सोनीचा डी-५०, म्हणजे पहिला पोर्टेबल सीडी प्लेअर, १९८४ साली आला. त्या काळात छापलेल्या आणि नीट ठेवलेल्या सीडी आजही वाजतात. मग आजीच्या कशा जुन्या झाल्या?

त्या पिशवीत काय होतं ते ऐका. नाट्यसंगीत आणि ख्यालगायनाच्या छापील ऑडिओ सीडी. एकाच सीडीत शंभर-दीडशे अभंग असलेल्या एमपीथ्री. काकांनी कॉम्प्युटरवर कॉपी केलेल्या. आणि नाटकांच्या व्हीसीडी. चारही दिसायला सारख्या, १२ सेंटिमीटरच्या चकत्या. ऑडिओ सीडीत ७४, फार तर ८० मिनिटं मावतात, त्यामुळे कव्हरवर त्याहून जास्त वेळ किंवा पन्नासच्या वर गाणी लिहिलेली दिसली की ती एमपीथ्री समजायची. ती वाजायला प्लेअरवर ‘एमपीथ्री’ असं स्पष्ट लिहिलेलं हवं. व्हीसीडीत चित्र असतं, ती डीव्हीडी प्लेअरवर लावा, ऑडिओ प्लेअरवर लागायची नाही. कॉपी केलेल्यांत पुन्हा पुन्हा लिहिता येणारी, म्हणजे आरडब्ल्यू, असेल तर जुने प्लेअर तिला हातच लावत नाहीत, कारण छापील सीडीच्या मानाने ती लेझरचा प्रकाश फारच कमी परतवते. कॉपी करताना शेवटी ‘फायनलाइज’ केलं नसेल, म्हणजे सीडी पूर्ण करून बंद करायची शेवटची पायरी राहिली असेल, तरी तीच गत.

म्हणजे त्या मुलीच्या ‘खराब’ सीडींपैकी बहुतेक ठणठणीत होत्या. हे विक्रेत्याला माहीत नसेल? माहीत असतं. सांगायचे कष्ट कोण घेणार!

आता अडखळण्याबद्दल. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘अँटी-शॉक ४० सेकंद’ लिहितात आणि लोक त्या आकड्यावर भाळतात. आत काय चालतं ते समजून घ्या. सीडीवर गाणं गोल गोल फिरत जाणाऱ्या एकाच बारीक रेघेत असतं. तिच्या दोन फेऱ्यांमधलं अंतर १.६ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे १.६ हजारांश, असतं. एवढ्या बारीक रेघेवर लेझरचं भिंग तरंगत धरलेलं असतं, आणि धक्का बसला की ती रेघ सुटते. म्हणून प्लेअर सीडी गरजेपेक्षा जास्त वेगाने वाचतो, गाण्याचा पुढचा भाग मेमरीत साठवतो आणि रेघ पुन्हा सापडेपर्यंत मेमरीतलं ऐकवतो. पाण्याची टाकीच म्हणा ना. वरून नळ येत राहिला तर खाली पाणी. एक खड्डा, मग दहा सेकंद सपाट रस्ता, असं असेल तर दहा सेकंदांची मेमरीही पुरते. पण खड्ड्यामागून खड्डा असेल तर टाकी भरायलाच सवड मिळत नाही आणि ४० सेकंदसुद्धा संपतात. प्लेअर रेघ किती लवकर परत पकडतो ह्यावर सगळं ठरतं, आणि ते कुठल्याही खोक्यावर छापत नाहीत.

आणखी एक. ऑडिओ सीडीच्या एका सेकंदाला १,७६,४०० बाइट लागतात. दहा सेकंदांच्या मेमरीत ४० सेकंद बसवायचे तर काही प्लेअर गाण्याची माहिती दाबून कमी जागेत साठवतात, आणि तंबोऱ्याच्या मागे रेंगाळणाऱ्या आसेत तो फरक कळतो. म्हणून अँटी-शॉक बंद करता येणारा किंवा दोन पातळ्यांचा प्लेअर घ्या. घरी टेबलावर ऐकताना बंद ठेवा, बसमध्ये चालू. १२८ केबीपीएसच्या (सेकंदाला १२८ किलोबिट) एमपीथ्रीला मात्र साधारण अकरावा हिस्साच जागा लागते, त्यामुळे त्या सीडी बसमध्ये फारशा अडखळत नाहीत. बस खड्ड्यांच्या रस्त्याने जाणार असेल तर एमपीथ्री, रेल्वेने जाणार असाल तर ऑडिओ सीडी.

प्लेअर ठेवायचा कसा, हेही तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिने तो समोरच्या सीटमागच्या जाळीत खोचला होता. सीटची थरथर थेट प्लेअरला. मांडीवर ठेवा, खाली घडी घातलेला रुमाल किंवा स्वेटर. तुमचं अंगच धक्के शोषून घेतं. आणि वाजत असताना चकतीच्या पातळीत गर्रकन वळवू नका. असा पिळ सरळ वर-खाली धक्क्यापेक्षा वाईट. पिशवीत ठेवायचा तर होल्डचं बटण सरकवा, नाहीतर प्लेचं बटण दाबलं जाऊन सेल संपतात.

मान्य, फोनवर हे सगळं एका बोटात होतं. पण आजीच्या पिशवीतल्या सगळ्या मैफिली फोनवर सापडतीलच असं नाही, आणि सापडल्या तरी मध्ये जाहिरात येऊ नये म्हणून दरमहा पैसे मोजा.

शास्त्रीय ऐकणाऱ्यांसाठी एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि तीच कोणी विचारत नाही : रिझ्यूम. ख्यालाचा एकच ट्रॅक पाऊण तासाचा असतो. साताऱ्याला चहाला उतरलात, प्लेअर बंद केलात, परत लावलात की रिझ्यूम नसलेला प्लेअर पहिल्या ट्रॅकच्या पहिल्या सेकंदाला जातो. विलंबितातून द्रुतात पोचेपर्यंत पुन्हा तेवढा वेळ. दुकानात घेताना ट्रॅकच्या मध्यावर थांबवा, झाकण न उघडता बंद करा, पुन्हा लावा. तिथूनच सुरू झाला तर घ्या. पुढे सरकवायचं बटण दाबून धरल्यावर ट्रॅकच्या आत वेगाने जातो का, तेही बघा. आलाप आणि बंदिश वेगळ्या ट्रॅकवर असलेली सीडी लावून मध्ये खंड पडतो का ते ऐका. आजच्या त्या देखण्या प्लेअरमध्ये यातलं काहीही नाही. रंगीत दिवे मात्र आहेत.

वीज. जुना प्लेअर घेतलात तर दोन पेन्सिल सेलवाला घ्या. पातळ च्युइंगमसारख्या पट्टीची बॅटरी असलेले मॉडेल सुंदर असतात, पण ती बॅटरी आता मिळणं कठीण. चार्जिंगचे निकेल मेटल हायड्राइड सेल चालतात. ते १.२ व्होल्टचे असल्याने बॅटरीची खूण लवकर कमी दिसते, घाबरू नका. नवा आणि जुना सेल एकत्र घालू नका, संपलेला सेल उलटा ढकलला जाऊन गळतो. अडॅप्टर लावण्याआधी प्लेअरवरचं व्होल्टेज आणि मधल्या टोकाची अधिक-उणे खूण वाचा. नव्या प्लेअरमध्ये यूएसबी-सी असतं, आणि स्वस्तातल्यांत चार पैसे वाचवायला चार्जरला ‘वीज सोड’ अशी खूण करणारे ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर गाळतात. मग दोन्ही टोकांना सी असलेल्या केबलने चार्जर वीज सोडतच नाही आणि लोकांना वाटतं प्लेअर मेला. एका टोकाला जुनी चौकोनी यूएसबी असलेली केबल लावा, चालेल.

ब्लूटूथ असू दे हो, सोयीचं आहे. पण वायरचे हेडफोन लावायचं तोंड नसलेला प्लेअर मुळीच घेऊ नका. १६ ते ३२ ओहमचे साधे वायरचे हेडफोन लावा, बॅटरीही जास्त टिकेल.

सीडी पुसताना गोल गोल फिरवून पुसणारे लोक पाहिले की मला राहवत नाही. मधून काठाकडे सरळ पुसा, मऊ कापडाने. असा मधून काठाकडे गेलेला आडवा ओरखडा प्लेअर भरून काढतो, साधारण अडीच मिलिमीटरपर्यंतची तूट त्याला कळूही न देता झाकता येते. रेघेच्या दिशेने गेलेला गोल ओरखडा मात्र त्याहून लांब होतो आणि तिथे तो हरतो. चमकदार थर वरच्या, नाव छापलेल्या बाजूला लगेच खाली असतो. तिथे बॉलपेनने लिहू नका, स्टिकर तर नकोच.

सेकंडहँड घेणार असाल तर स्वतःची एक पूर्ण भरलेली ऑडिओ सीडी न्या आणि शेवटचा ट्रॅक आधी लावा. सीडी आतून बाहेर वाचली जाते. सुरुवातीचे ट्रॅक नीट आणि शेवटचे अडखळत असतील तर बहुधा लेझर सरकवणाऱ्या दात्यांवरचं ग्रीस सुकलंय, ते दुरुस्त होतं. सीडी फिरून ‘नो डिस्क’ येत असेल तर आधी भिंग पुसा. कान साफ करायच्या कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल जेमतेम लावून, अगदी हलक्या हाताने, कारण ते केसासारख्या तारांवर टांगलेलं असतं. ॲसिटोन नको, भिंग प्लास्टिकचं असतं, पांढरं पडतं. पुसूनही लागत नसेल तर लेझर थकलाय, किंमत कितीही कमी सांगोत, सोडून द्या. सेलच्या खणात सेल गळून आलेली पांढरी-हिरवी बुरशीसारखी भुकटी दिसली तर थोड्या व्हिनेगरने पुसून, मग अल्कोहोलने कोरडी करून पाहा. तार खाल्लेली नसेल तर चालतो.

आणि पावसाळ्यात एसी गाडीतून चिपळूणला उतरलात की लगेच लावू नका. भिंगावर वाफ धरते आणि चांगला प्लेअरही ‘नो डिस्क’ म्हणतो. सीडी काढून तासभर तसाच ठेवा, मग लावा.